वृत्तसंकेतस्थळाची नोंदणी नसेल तर बातमीदाराला जनसुनावणीतून अडवता येते का?

खाडीकाठ, मालवण (प्रश्न)

आम्ही काही जण मिळून मालवण तालुक्यापुरते एक छोटे वृत्तसंकेतस्थळ आणि त्याला जोडलेले यूट्यूब चॅनेल चालवतो. खाडीतला वाळूउपसा, एलईडी दिव्यांच्या प्रकाशात चालणारी मासेमारी, रखडलेल्या नळपाणी योजना असे विषय आम्ही घेतो, कारण दैनिकांच्या जिल्हा पानात त्यांना चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. अलीकडे एका प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला आमचा प्रतिनिधी गेला असता त्याला दारातच थांबवण्यात आले. तुमची नोंदणी नाही, अधिस्वीकृतीपत्र नाही, म्हणून तुम्ही पत्रकार नाही आणि चित्रीकरण करू शकत नाही, असे एका अधिकाऱ्याने त्याला तोंडी सांगितले.

कायदा खरोखर असा आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. निवडणुका आल्या की नाव-पत्ता नसलेली चॅनेले उगवतात, वाटेल ते छापतात आणि निकालानंतर गायब होतात. त्यामुळे आमच्यातल्याच काहींचे म्हणणे असे की डिजिटल माध्यमांसाठी सरकारी परवाना असावा, अशी मागणी आपणच करावी. मला ते पटत नाही, पण त्यांना खोडून काढण्याइतका माझा अभ्यास नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

वकिली, रत्नागिरी

अधिस्वीकृती ही शासनाने पत्रकारांना देऊ केलेली सोय आहे. ती पत्रकारितेची परवानगी नव्हे. ती नाही म्हणून एखादा माणूस पत्रकार ठरत नाही, असा कोणताही कायदा नाही. १८६७ च्या जुन्या मुद्रण कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे, परंतु तो छापील नियतकालिकांपुरता आहे. डिजिटल वृत्तमाध्यमांना त्यात आणण्याचा विचार २०१९ च्या मसुद्यात होता, अंतिम कायद्यात तो राहिला नाही.

आपल्यासारख्या संकेतस्थळांना लागू होतात ते माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे नियम. त्यांनुसार प्रकाशकाने आपली माहिती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवायची असते. ही केवळ माहिती आहे, तिच्यावर कोणाच्या मंजुरीची मोहोर लागत नाही. त्याच नियमांत आचारसंहितेची सक्ती आणि तक्रारींची त्रिस्तरीय यंत्रणा सांगणारे नियम ९ चे पोटनियम (१) व (३) मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगित केले. पत्रकार निखिल वागळे यांची जनहित याचिका त्या प्रकरणात होती. मात्र तातडीने मजकूर रोखण्याचा अधिकार देणारा नियम १६ न्यायालयाने स्थगित केला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

जनसुनावणीबाबत तर आपली बाजू आणखी भक्कम आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीच्या संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण प्रशासनानेच करून घ्यायचे असते. जे कामकाज सर्वांसमोर चालावे म्हणूनच ठेवलेले आहे, तेथे प्रवेशासाठी पत्रकार असण्याचीही गरज नाही. आपला प्रतिनिधी नागरिक म्हणून आत बसू शकतो.

बागायतदार, देवगड

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, पण आमच्यासारख्यांचे काय, तेही ऐकावे. गेल्या हंगामात ऐन काढणीच्या वेळी एका चॅनेलने माझ्या बागेचे फाटक दाखवून, येथील हापूस कार्बाइड लावून पिकवला जातो, असे सांगणारा व्हिडिओ टाकला. बागेत आढी लावूनच आंबा पिकतो हे पाहायला कोणी आत आले नाही. व्हिडिओ काढून टाकायचा असेल तर जाहिरात द्या, असा निरोप मात्र आला. वाशीच्या व्यापाऱ्याने माल घेणे थांबवले, आणि पेट्या घरात ठेवून मी दाद कोणाकडे मागावी याची चौकशी करत फिरलो. प्रेस कौन्सिलचा अधिकार वृत्तपत्रे व वृत्तसंस्थांपुरता असल्याचे समजले, आणि तेथेही समज देणे किंवा ताशेरे ओढणे यापुढे शिक्षा नाही. बदनामीसाठी न्यायाधीशांसमोर खासगी फिर्याद करावी लागते, आणि ती करायची कोणाविरुद्ध, कारण चॅनेलचा पत्ताच नव्हता. ज्याच्या शब्दाने दुसऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडते, त्याच्यावर सरकारचा अंकुश असलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त उपसंपादक, चिपळूण

बागायतदार बंधूंचे दुःख खरे आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय वृत्तपत्रस्वातंत्र्याविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्यांना नेमके काय मिळाले नाही, ते मात्र पाहावे. त्यांना फिर्याद करण्यासाठी नाव आणि पत्ता मिळाला नाही. परवान्याची पद्धत आणली तर ती उणीव भरेल, पण तिच्यासोबत लिहिण्याआधी परवानगी मागण्याचे बंधनही येईल, आणि ते आपण या देशात एकदा भोगलेले आहे. देवगड तालुक्यातल्याच पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले, तेव्हा मुंबई इलाख्यात परवान्याचेच विनियम होते. १८३५ साली तेव्हाचे प्रभारी गव्हर्नर जनरल मेटकाफ यांनी ते रद्द केले आणि मुद्रक-प्रकाशकाने आपले नाव व ठिकाण जाहीर करणे एवढीच अट ठेवली. तू कोण आहेस हे सरकारने विचारावे. तू लिहू शकतोस का, हे ठरवू नये. माझ्या मते हीच सीमा आजही योग्य आहे.

ती ओलांडली की काय होते, याची उदाहरणे फार दूर नाहीत. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या २०२१ च्या नियमांतील एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाला देण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. ‘मीडिया वन’ या मल्याळी वाहिनीच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ च्या निकालात, सरकारी धोरणांवरील टीका म्हणजे व्यवस्थाविरोध नव्हे, असे स्पष्ट केले. परवाना हाती असला की तो अडवण्याचा मोह होतोच. पुण्याच्या ‘सकाळ’ने तर किंमत आणि पानांची संख्या यांची सांगड घालणाऱ्या आदेशाविरुद्ध लढा दिला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाकडून तो रद्द करून घेतला. वरवर तो व्यापाराचा नियम होता, पण त्याचा परिणाम वाचकांपर्यंत पोहोचणाऱ्या मजकुरावर होत होता.

आणि आपल्या किनाऱ्यावरचा अनुभव सांगायचा तर येथे नियम क्वचितच उघडपणे वापरले जातात. जिल्ह्यातल्या साप्ताहिकाचा श्वास शासकीय जाहिरातींवर आणि जाहीर नोटिसांवर चालतो. त्या आटल्या की संपादकाची लेखणी कोणी न सांगता मवाळ होते. आणि कधी त्याहून भयंकर घडते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात मोटारीने धडक दिल्याने ‘महानगरी टाइम्स’चे शशिकांत वारिशे गंभीर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बारसूच्या रिफायनरीविषयी ते लिहीत होते आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरील हल्ल्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगणारा महाराष्ट्राचा कायदा तेव्हा लागू होताच. असे असताना, नवे परवाने मागण्यापूर्वी आहे तो कायदा वेळेवर वापरला जावा, ही मागणी आपण का करू नये?

खाडीकाठ, मालवण

आपणा सर्वांचा आभारी आहे. संपादकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि तक्रारीसाठी ईमेल आम्ही मुखपृष्ठावर आणि प्रत्येक व्हिडिओच्या खाली देणार आहोत. बागायतदार काकांना जे शोधावे लागले ते आमच्याबाबतीत कोणाला शोधावे लागू नये. जनसुनावणीच्या अडवणुकीबाबत आता नेमके काय करावे?

वकिली, रत्नागिरी

ज्या आदेशान्वये प्रतिनिधीला थांबवले त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. तोंडी सूचनेचा कागद बहुधा निघणार नाही, आणि तो नाही असे लेखी मिळणे हेच आपल्याला हवे आहे. त्यासोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना घटनेचे पत्र द्या, त्यात वेळ व उपस्थित साक्षीदार नमूद करा, आणि सुनावणीच्या अधिकृत चित्रीकरणाची प्रतही मागा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.