व्हीसीआर, टीव्ही आणि कॉम्प्युटर: कॅसेट उतरवायचे तुमचे अनुभव लिहा

घरोघरी लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट माळ्यावर पडून आहेत, आणि फुनाई या जपानी कंपनीने पण २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, म्हणजे आहे ते मशीन चालतंय तोवरच खेळ आहे. कुणी घरीच कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन एडिट केल्यात का? काय जोडलं, काय अडलं, सगळं लिहा.

*

कोथरूडहून. पहिलं म्हणजे टीव्ही मधे घालू नका. टीव्हीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना बहुतेक वेळा फक्त आत घ्यायच्या असतात, बाहेर काही देत नाहीत. व्हीसीआरच्या एव्ही आऊटमधून (चित्र-आवाज बाहेर देणाऱ्या पिना) थेट कॅप्चर कार्डात (कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड) वायर न्या. चित्र टीव्हीवर पण बघायचंच असेल तर व्हीसीआरचं आरएफ आऊट (अँटेनाच्या वायरीचं भोक) टीव्हीच्या अँटेनाला लावा, दोन्ही एकदम चालतं. फक्त केबलवाल्याची वायर काढून ठेवा, ती लागलेली असली की अर्थिंगच्या भानगडीने चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात आणि आवाजात घूंSS.

*

आवाजाची वायर माइकच्या भोकात नाही, निळ्या लाइन-इनमध्ये! माइकमध्ये सनई फाटते, शिवाय बऱ्याच ठिकाणी मोनोच येतं. आणि सुरुवातीला ओठ-आवाज जुळतात पण तासाभराने गुरुजी आधी बोलतात आणि मंगलाष्टक नंतर येतं, असं झालं तर फ्रेम (चित्राचे एकेक तुकडे) गळतायत. अँटिव्हायरस, नेट बंद करा आणि तुकड्या-तुकड्याने घ्या.

*

वरच्या काकांना अनुमोदन. आमच्याकडे डीव्ही कॅमेरा (डिजिटल टेपवाला) होता, त्यात अ‍ॅनालॉग इन, म्हणजे व्हीसीआरचं चित्र आत घ्यायची सोय होती (सगळ्यांत नसते, मॅन्युअल बघा), मग व्हीसीआर ते कॅमेरा, कॅमेरा ते कॉम्प्युटर फायरवायरने (डीव्ही कॅमेऱ्याची डिजिटल वायर), आणि आवाज-चित्राचं भांडणच मिटलं. जागा मात्र जबरी खातं, तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे तीन तासांची कॅसेट ४० च्या घरात. डिस्कचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते, एनटीएफएस फॉरमॅट करून घ्या. साइज ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेमच ठेवा, आपल्याकडच्या कॅसेट पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) आहेत, उगाच एचडी करून काही वाढत नाही. हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात ते इंटरलेसिंग, ते शेवटी काढा, मूळ फाइल तशीच ठेवा.

*

कॅप्चर राहू दे, आधी कॅसेट उजेडात धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून रीळ बघा. पुण्याच्या पावसात लोखंडी कपाटातल्या कॅसेटना कडेला पांढरी पावडर धरते, ती बुरशी. तशीच मशीनमध्ये घातली तर हेडला (फिरत्या ड्रमवरचा, टेप वाचणारा भाग) लागते आणि पुढची चांगली कॅसेट पण खराब दिसते. मी जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून घेतलेला व्हीसीआर फक्त असल्या कॅसेटसाठी ठेवलाय. हेड पुसायला कापसाची काडी अजिबात नको, धागे अडकतात. शॅमॉय किंवा तसलंच धागे न सुटणारं कापड, त्यावर आयसोप्रोपिल, कापड ड्रमला धरून ड्रम बोटाने हळू फिरवायचा, वर-खाली घासायचं नाही.

*

कॅप्चर कार्डाऐवजी युएसबीचं ते स्वस्तातलं डोंगल चालतं का? पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं म्हणे.

*

चालतं हो, नशिबाचा भाग आहे. एकसारख्या खोक्यात आत वेगवेगळी चिप निघते, त्यामुळे ड्रायव्हर कुठला ते दुकानातच विचारा आणि जमलं तर तिथेच लॅपटॉपला लावून बघा. खालच्या कडेला फाटल्यासारखी पट्टी दिसली तर घाबरू नका, ती व्हीएचएसची असतेच, टीव्हीच्या चौकटीमागे लपायची, एडिटमध्ये झाकून टाका.

*

सगळ्यांनी एक करा, कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाका, मग चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसत नाही. आमच्या आत्याच्या लग्नात सप्तपदीनंतर थेट ईडन गार्डन्स, १९९६ ची सेमीफायनल, रडत परतणारा कांबळी. मामांनी टेप केली होती. आत्या अजून त्यांना ऐकवते.