‘एकाकीपणाची साथ’ म्हटलं तर चालेल का?

प्रश्न :

न्यू जर्सीत ओळखीच्या मराठी ज्येष्ठ मंडळींसाठी मी मुलाखतींची मराठी सबटायटल्स लिहिते. अमेरिकेचं राजकारण, सार्वजनिक आरोग्य, चालू घडामोडी असे विषय असतात. सध्या डॉ. विवेक मूर्तींच्या बोलण्यावर अडले आहे. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च आरोग्य सल्लागार, असताना मे २०२३ मध्ये त्यांनी एकाकीपणाबद्दल देशाला जाहीर इशारा दिला होता. तो विषय निघाला की ‘एपिडेमिक ऑफ लोनलिनेस अँड आयसोलेशन’ हे शब्द येतातच. मी सरळ ‘एकाकीपणाची साथ’ लिहिलं. सासूबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, “म्हणजे एकाकीपणा सोबतीला आहे, असंच ना?”

अर्थ पार उलटा झाला. काय लिहू?

प्रतिसाद :

ताई, ‘साथ’ राहू द्या, क्रियापदाकडे बघा. मराठीत या दोन साथी क्रियापदावरूनच वेगळ्या होतात. सोबतीची साथ आपण देतो, ती मिळते, सुटते. तबल्यावर साथ करतात. रोगाची साथ मात्र येते, पसरते, ओसरते, आटोक्यात येते. अनेकवचनही सहसा रोगाच्याच वाट्याला येतं : ‘पावसाळ्यात साथी येतात’.

माझी आई आरोग्यसेविका होती. घरोघर जाऊन विचारायची, “आळीत गॅस्ट्रोची साथ आलीय का?” कुणाचाही गोंधळ व्हायचा नाही, कारण रोगाचं नाव आधी कानावर पडायचं. एकाकीपणा हा रोग आहे, याची आपल्या कानाला अजून सवय नाही. त्यामुळे नुसतं ‘एकाकीपणाची साथ’ लिहिलं की सोबतीचा अर्थ पुढे येतो. ‘देशभर एकाकीपणाची साथ पसरली आहे’ असं पूर्ण वाक्य लिहा. सासूबाईंना पुन्हा दाखवा आणि काय म्हणतात ते कळवा.

प्रतिसाद :

मी ‘लाट’ सुचवणार होतो, पण मलाच पटलं नाही. करोनात आपण पहिली लाट, दुसरी लाट म्हणत होतो ती एकाच साथीतली चढउतार. लाट ओसरते हे गृहीतच असतं. मूर्तींचा रोख तसा नाही. माणसांशी संबंध तुटल्याने अकाली मृत्यूचा धोका दिवसाला पंधरा सिगारेटी ओढण्याइतका वाढू शकतो, अशी तुलना त्यांनी केली होती. तिथे साथच हवी.

मला जास्त काळजी त्या जोडीतल्या ‘आयसोलेशन’ची वाटते. तिथे ‘विलगीकरण’ कृपया लिहू नका. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारत होते, घरात राहा म्हणून. विलगीकरण म्हटलं की तो हात आठवतो. ते कुणीतरी करायला लावतं आणि त्याला दिवसांची मुदत असते. मूर्तींच्या त्या दस्तऐवजात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : नातीगोती, भेटीगाठी खरोखरच कमी असणं, आणि आपल्याला हवी तशी माणसं नाहीत ही मनातली वेदना. पहिल्याला मी ‘एकटं पडणं’ म्हणेन, दुसऱ्याला ‘एकाकीपणा’. भरल्या घरातही माणूस एकाकी असतो, हे मराठीत वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘एकलकोंडेपणा’ तर अजिबात नको. त्यात दोष त्या माणसाच्या स्वभावावर जातो. आणि ‘एकांत’ आपण हौसेने शोधतो.

प्रश्नकर्ती :

क्रियापदाची गोष्ट लगेच पटली. आणखी एक : ‘सर्जन जनरल’ला एका मैत्रिणीने ‘महाशल्यचिकित्सक’ लिहिलंय. आणि ‘हेल्थ सेक्रेटरी’ला ‘आरोग्य सचिव’.

प्रतिसाद :

दोन्ही बदला. आपल्याकडे जिल्हा शल्यचिकित्सक जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख असतो. सर्जन जनरल तसं रुग्णालय सांभाळत नाही, आणि मूर्ती स्वतः शल्यविशारद नाहीत, फिजिशियन आहेत. हे पद जुन्या सागरी रुग्णालय सेवेतून आलं, म्हणून नावात सर्जन राहिला आणि अंगावर नौदलासारखा गणवेश. ‘सर्जन जनरल’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘देशाचे सर्वोच्च आरोग्य सल्लागार’ एवढं जोडा. त्यांचं बळ सल्ल्यातच आहे. १९६४ मध्ये ल्यूथर टेरी यांच्या अहवालाने सिगारेटचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध देशापुढे ठेवला, पण पाकिटावर इशारा छापायचा कायदा काँग्रेसनेच, म्हणजे तिथल्या संसदेनेच, केला. २०२४ मध्ये मूर्तींनी समाजमाध्यमांवर तसाच इशारा हवा म्हटलं, तेव्हाही कायदा काँग्रेसकडेच मागावा लागला. म्हणून त्यांच्या ‘अॅडव्हायझरी’ला ‘आदेश’ म्हणू नका. तुम्ही वर लिहिलेला ‘जाहीर इशारा’ चांगला आहे.

सेक्रेटरीला ‘आरोग्यमंत्री’. आपला सचिव सनदी अधिकारी. तिथला सेक्रेटरी मंत्रिमंडळात बसतो. फरक एवढाच, की तो पदावर असताना काँग्रेसचा सदस्य राहू शकत नाही. त्यामुळे त्याच्या तोंडी ‘माझा मतदारसंघ’ घालू नका.

प्रश्नकर्ती :

काल रात्री सासूबाईंना नवी ओळ दाखवली : ‘देशभर एकाकीपणाची साथ पसरली आहे, माणसं एकटी पडली आहेत.’ या वेळी एकदाच वाचली. मग म्हणाल्या, “बरोबर सांगतायत.” त्या इथे सहा महिन्यांसाठी येतात, दिवसभर घरात एकट्या असतात. मी पुढे काही बोलू शकले नाही.

पुढच्या वाक्यात ‘सोशल कनेक्शन’ होतं. मी ‘सामाजिक जोडणी’ लिहिलं होतं. त्यांना ती विजेची जोडणी वाटली. “तुम्ही काय म्हणाल?” असं विचारलं तर लगेच उत्तर आलं : “येणंजाणं.” मी तेच लिहिलंय. कुणाला याहून जवळचा शब्द सुचला तर शुक्रवारपर्यंत जरूर कळवा, शनिवारी मंडळी एकत्र बसून मुलाखत बघणार आहेत.