मॉरिशस: सगळेच उपरे, मग रकाने कशाला?

वाटाड्या:
गणपतीत मॉरिशसला होतो, मामेबहिणीच्या सासरी. पाच पिढ्यांमागे रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेलं घर. आरत्या तोंडपाठ, पण वही रोमन लिपीतली. मोदकाला नावं ठेवायची ती मात्र क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत. चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. शेजारचं चिनी कुटुंबही प्रसादाला आलं होतं.

१६३८ साली डच वस्तीला येईपर्यंत या बेटावर माणूस राहत नव्हता. मग फ्रेंच मळेवाले आले, त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले. १८३४ पासून इंग्रजांनी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले, साडेचार लाखांच्या आसपास. सगळेच उपरे! "तू बाहेरचा" म्हणायची सोय कुणालाच नाही.

तरी राज्यघटनेत चार रकाने: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले 'जनरल पॉप्युलेशन'. निवडणुकीला उभं राहायचं तर रकाना सांगा. ६२ जण निवडून आले की कमी पडलेल्या समाजांच्या हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त ८ जण आत घ्यायचे. नाव 'बेस्ट लूजर'. माझ्या मते हे बंद करावं. अशाने मॉरिशियन कधी तयार होणार?

मिरगुंड:
बहुसंख्याकांच्या घरी मोदक खाऊन असं म्हणणं सोपं आहे हो. तिथले पंतप्रधान मोजा. २००३ ते २००५ चे पॉल बेरांजे सोडले तर सगळे हिंदू. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली होती, कारण इंग्रज गेला की हिंदूंचं राज्य येईल ही धास्ती. त्या धास्तीवरचा उतारा म्हणजे या ८ जागा.

वाटाड्या:
उतारा मान्य, पण तो किती वर्षं ठेवायचा? घटना म्हणते, राहणीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात. म्हणजे गुलामाचा पणतू आणि त्याला विकत घेणाऱ्या गोऱ्या मळेवाल्याचा पणतू एकाच डब्यात! शिवाय १९७२ नंतर जनगणनेत समाज विचारलेलाच नाही, जागा वाटतात त्या जुन्या आकड्यांवर. २००५ साली काही उमेदवारांनी रकाना सांगायला नकार दिला, त्यांचे अर्ज बाद. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने मत दिलं, तेव्हा कुठे २०१४ ला एका निवडणुकीपुरती सूट मिळाली.

मिरगुंड:
यादी जुनी झाली म्हणून रेशनच बंद करायचं का? नवी यादी करा की.

कोकण्या:
चारच रकाने असते तर बरं झालं असतं. हिंदूंच्या रकान्यातले तमिळ, तेलुगू, मराठी स्वतःला वेगळेच समाज मानतात. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला, तर एवढा गदारोळ झाला की नोटाच मागे घ्याव्या लागल्या. आपली माणसं पण कमी नाहीत. देवळाची समिती, मंडळ, महासंघ... दोन मराठी भेटले की संस्था तीन!

क्यूरपीपकर:
अकरा वर्षं इथे मॉरिशसमध्ये राहतोय. तुम्ही दोघंही संसदेतल्या खुर्च्या मोजताय. खरी मेख शाळेत आहे. इथे 'पूर्वजांची भाषा' हा विषय असतो: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी. गुलामांच्या वंशजांची पूर्वजांची भाषा कुठली? क्रिओल सगळा देश बोलतो, पण ती विषय म्हणून शाळेत आली २०१२ ला.

इथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरं आहेत. शेजाऱ्याबरोबर गेलो होतो. त्याच्या पणजोबाचा गिरमिटिया नंबर सांगितला, तर नोंद निघाली: गाव, जात, बापाचं नाव. पुढे फोटो. छातीशी पाटी धरलेला हडकुळा माणूस. शेजारी तिथेच खाली बसला. दुसऱ्या बाजूचा शेजारी क्रिओल, म्हणजे गुलामांचा वंशज आहे, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "माझ्या आडनावापलीकडे काही नाही, आणि तेही मालकानं दिलेलं." १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलिस कोठडीत मेला आणि बेटभर दंगली पेटल्या, त्यामागे ही जखम होती. रकाने काढून ती कशी भरेल?

वाटाड्या:
हे पटलं. दप्तराची गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती. पण रकान्यांबद्दल मत तेच. बहिणीची नणंद क्रिओल घरात दिली आहे. तिची १९ वर्षांची मुलगी आरतीला झांजा वाजवत होती, रविवारी चर्चला जाते. म्हटलं, उभी राहिलीस तर रकाना कुठला? म्हणाली, "राहणीवरून ठरवतात ना? मग आज हिंदू, रविवारी जनरल."

मिरगुंड:
पोरीला माझं मत. पण त्या ८ जागा ठेवून.