‘मर्चंट इंटरकनेक्टर’ला मराठीत काय म्हणावे?

ब्रिटन-फ्रान्स दरम्यानच्या एलेकलिंक या इंटरकनेक्टरवरचा (दोन देशांची वीजजाळी जोडणाऱ्या वाहिनीवरचा) मजकूर मराठीत आणतेय. चॅनल टनेलमधून गेलेली १००० मेगावॉटची ही वाहिनी २०२२ मध्ये सुरू झाली. मालकी गेटलिंक या खासगी कंपनीची. मी ‘व्यापारी आंतरजोडणी’ लिहिले, संपादकांनी दोन्ही शब्दांखाली रेघ मारली. काय चुकले?

— ‘आंतर’मुळे गोंधळ होतो. ‘आंतरराष्ट्रीय’मध्ये तो ‘एकमेकांमधला’ आणि ‘आंतरिक’मध्ये ‘आतला’. घाईत वाचणाऱ्याला आंतरजोडणी म्हणजे घरातले वायरिंग वाटेल. ‘जोडवाहिनी’ लिहा. ‘वीजसेतू’ मथळ्यापुरता ठीक, पण समुद्राखालून जाणाऱ्या केबलला सेतू म्हणणे माझ्या जिवावर येते.

— ‘व्यापारी’ तर सरळ दिशाभूल आहे. ही कंपनी विजेचा व्यापार करतच नाही, वहनक्षमता लिलावात विकते. समजा एका तासाला वाहिनीच्या अलीकडे वीज मेगावॉट-तासाला ४० युरो आणि पलीकडे ९०. हजार मेगावॉट भरून वाहिले तर त्या तासाचा फरक ५० हजार युरो (गळती धरलेली नाही). कमाई या फरकातून. दोन्हीकडचे भाव सारखे झाले की कमाई संपली. या पैशाला कंजेशन रेंट म्हणतात. मी ‘कोंडी-भाडे’ म्हणतो. रस्ता अरुंद आहे म्हणून मिळणारे भाडे.

— अहो, पण व्यापारी जहाजही दुसऱ्यांचाच माल वाहते की! ते चालते, मग वाहिनी का नको?

— मुद्दा बरोबर. पण विजेच्या क्षेत्रात ‘मर्चंट’च्या विरुद्ध शब्द ‘रेग्युलेटेड’, म्हणजे जिचे उत्पन्न नियामक ठरवून देतो ती. प्रश्न मालाचा नाही, जोखमीचा आहे. म्हणून ‘नियमनाधीन’ आणि ‘बाजाराधीन’. जोडी छान जमते.

— म्हणजे खासगी पैशाची ती सगळी बाजाराधीन?

— तिथेच तर लोक फसतात. ब्रिटन-जर्मनीची न्यूकनेक्ट (७२५ किलोमीटर, १४०० मेगावॉट) आणि आयर्लंड-वेल्सची ग्रीनलिंक (५०० मेगावॉट), दोन्ही खासगी भांडवलाच्या, तरी ब्रिटनची ऊर्जा-नियामक संस्था ऑफजेमच्या ‘कॅप अँड फ्लोअर’ योजनेखाली. उत्पन्न ठरल्यापेक्षा घसरले तर तूट वीजग्राहकांकडून भरून निघते, फार वाढले तर वरचा पैसा ग्राहकांकडे परत. एका अनुवादात याचे ‘छत आणि फरशी’ झालेले पाहिले आहे! ‘कमाल-किमान मर्यादा’ही नको, खालची बाजू मर्यादा नव्हे, हमी आहे. ‘किमान हमी, कमाल मर्यादा’ असे फोडूनच लिहावे.

— मूळ प्रश्नकर्ती: वाक्य असे केले, ‘एलेकलिंक ही खासगी मालकीची, बाजाराधीन जोडवाहिनी आहे.’ संपादकांनी ‘बाजाराधीन’खाली पुन्हा रेघ मारलीय. या वेळी शेजारी ‘वा’ लिहून.