शब्दचर्चा: फिश टँकच्या ‘ड्रेन’ नळीला मराठीत काय म्हणावं?

मे महिन्यात आम्ही आठ दिवस गावी जाणार होतो, आई ठाण्यातच राहणार होती. हॉलमधला चार फुटी फिश टँक तिच्या ताब्यात द्यायचा म्हणून खालच्या कपाटाच्या दाराला चिठ्ठी चिकटवली. पहिलंच वाक्य, ‘ड्रेनचा कॉक बंद करू नकोस.’ आईने ते वाचलं आणि विचारलं, “ड्रेन म्हणजे गटारात जाणारं ना रे? मग टाकीतलं पाणी कमी कसं होत नाही?”

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. टाकीच्या कोपऱ्यातल्या दातेरी काठावरून पाणी पडतं, वरचा तेलकट तवंगही सोबत नेतं, नळीतून खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि मोटर ते परत वर चढवते. गटाराशी त्याचा संबंधच नाही. मग ‘सांडपाण्याची नळी’ कसं म्हणणार? ‘निचरा’ही मला पटत नाही. कुंडीतल्या पाण्याचा निचरा झाला म्हणजे ते पाणी गेलं.

मला ‘सांडवा’ सुचतोय. पाझर तलावाला असतो तसा. काठाच्या वर येईल तेवढंच पाणी त्यावरून जातं, खालचं जागेवर राहतं. टँकमध्येही हेच होतं. ‘सांडणे’ हे क्रियापद ‘सांडपाणी’ आणि ‘सांडवा’ दोन्हींत आहे, पण सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याला कुणी घाण समजत नाही. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद, ऐरोलीहून:
‘सांडवा’ छान, पण तो काठाला म्हणा, नळीला नको. नळीचे दोन स्वभाव आहेत आणि ते आवाजावरून कळतात. नळी अर्धीच भरून वाहत असेल तर पाण्याबरोबर हवाही आत ओढली जाते. ती खळखळते, मध्येच घोट घेतल्यासारखा आवाज येतो. अशी नळी म्हणजे बंद पन्हळच. तीच नळी काठोकाठ भरून वाहिली की सायफन लागतो, म्हणजे खाली उतरणारं पाणीच मागचं पाणी ओढत राहतं, आणि आवाज थांबतो. माझ्याकडे दोन नळ्या आहेत. एकीचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळत ती पूर्ण भरून वाहती ठेवली आहे. दुसरीचं तोंड थोडं उंच, एरवी जवळपास कोरडी. पहिलीत शेवाळ किंवा गोगलगाय अडकली तर पाणी दुसरीतून उतरतं. त्या दुसरीला कॉक लावू नये. मी पहिलीला ‘भरती नळी’ आणि दुसरीला ‘राखीव नळी’ म्हणतो.

प्रतिसाद, बेलापूरहून:
‘भरती’ म्हटलं की खाडीकाठच्या आमच्यासारख्यांना समुद्रच आठवतो, म्हणून ‘भरली नळी’ म्हणा. सायफनला कुणी वक्रनलिका सुचवेल, पण दुकानात तो शब्द चालणार नाही. सायफन आता आपलाच झालाय. आणि सांडव्याला दरवाजे असू शकतात. नवी मुंबईचं मोरबे धरण भरलं की दरवाजे उघडून पाणी सोडतात, तरी तो सांडवाच. तेव्हा व्हॉल्व्ह लावलेल्या वाटेलाही हा शब्द शोभेल.

प्रतिसाद, नौपाड्यातून:
मी प्लंबिंगचं काम करतो. आमच्यात या नळीला ‘डाऊन’ म्हणतात आणि वर जाणारीला ‘रायझिंग’. काचेच्या भोकात बसतं ते टँक निपल. एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाथरूमच्या जाळीखाली बसतो त्याला इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’च लिहितात. तो आपल्या न्हाणीवरून आला. आपला शब्द देशभरच्या नकाशांत गेलाय, मग सांडवाही जाऊ शकतो.

मूळ लेखक:
न्हाणीचं माहीत नव्हतं, मनापासून आभार. मी सुचवणार होतो ‘उपसा’, वर जाणाऱ्या नळीसाठी. पण उपसा म्हटलं की विहीर रिकामी होताना दिसते, म्हणून ‘परतीची नळी’ धरतो.

ही परतीची नळी मला महागात पडली होती. तिचं वरचं तोंड मी सांडव्याच्या काठाखाली तीन इंच बुडवलं होतं. एका रात्री लाईट गेली, मोटर थांबली आणि तीच नळी उलटा सायफन होऊन पाणी खाली ओढायला लागली. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत एक इंच म्हणजे साधारण १४ लिटर. ४२ लिटर खाली आलं, खालच्या टाकीत तेवढी जागा नव्हती. पहाटे पाय ओल्या सतरंजीवर पडला. आता त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली बारीक भोक आहे. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो.

खालच्या टाकीला इंग्रजीत ‘संप’ (sump) म्हणतात, त्या शब्दाचं मात्र जमत नाही. आईला तो शब्द कामगारांचाच वाटतो. चिठ्ठीत ‘खालची टाकी’ लिहिलं. नवी चिठ्ठी अशी: ‘सांडव्याची नळी उघडीच ठेव. लाईट गेली तर खालच्या टाकीत पाणी वाढेल, घाबरू नकोस, लाल रेघेपर्यंत चालतं. परतीच्या नळीचं भोक शेवाळाने बुजलेलं दिसलं तर टूथपिकने मोकळं कर.’

आईने वाचून एकच दुरुस्ती केली. ‘बुजलेलं’ खोडून ‘तुंबलेलं’ लिहिलं. हिरव्या धाग्यांनी अडलेलं ते भोक बघितल्यावर मलाही तिचाच शब्द बरोबर वाटतो.