थॉमसन शहाणा की नाटोची क्षेपणास्त्रं?

उंटावरचा_शहाणा :
शीतयुद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, युरोपातले शांततावाले म्हणजे मॉस्कोची बी टीम. बाकीच्यांचं जाऊ दे, पण ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉमसनला हे लेबल चिकटवणं म्हणजे अतिच झालं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत रणगाडे घेऊन लढलेला, इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिणारा समाजवादी माणूस, १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले तेव्हा कम्युनिस्ट पार्टीला रामराम ठोकून बाहेर पडला. १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका लोकांसाठी काढली, अणुबॉम्ब पडला तर काय करायचं त्याची. काय तर म्हणे घरातली दारं काढून भिंतीला तिरकी टेकवा, त्यावर मातीच्या पिशव्या रचा, खिडक्यांना पांढरा रंग फासा आणि १४ दिवस पुरेल एवढं अन्नपाणी साठवा. थॉमसनचं 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' पत्रक त्याच वर्षीचं. त्याचं म्हणणं, असल्या सूचनांनी माणसं वाचत नाहीत, फक्त अणुयुद्ध निभावून नेता येईल असं मनावर बिंबतं. आणि तो दोघांनाही झोडत होता, नाटोची क्रूझ क्षेपणास्त्रं नकोत तशी रशियाची एसएस-२० क्षेपणास्त्रं पण नकोत, पोलंडपासून पोर्तुगालपर्यंत युरोप अण्वस्त्रमुक्त करा. माझ्या मते त्या काळातला सगळ्यात शहाणा माणूस हाच.

तोफखाना :
असेल हो शहाणा, पण काम कुणी केलं? १९७९ च्या डिसेंबरात नाटोने ४६४ क्रूझ आणि १०८ पर्शिंग-२ क्षेपणास्त्रं युरोपात आणायचं ठरवलं, ८३ च्या शेवटी ती यायला लागली आणि ८७ मध्ये सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हने मुकाट आयएनएफ करारावर, म्हणजे मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडीत काढायच्या करारावर, सही केली. हातात दंडुका असल्याशिवाय कुणी ऐकत नाही राव. लंडनमध्ये मोर्चा काढायला कोण अडवतंय, मॉस्कोत काढून दाखवायचा होता.

उंटावरचा_शहाणा :
@तोफखाना, मधली चार वर्षं कुठे गेली? ८३ च्या नोव्हेंबरात क्षेपणास्त्रं आली तेव्हा रशिया जिनिव्हाची शस्त्रकपातीची बोलणी सोडून उठून गेला. मग माणूस बदलला, गोर्बाचेव्ह आला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. आणि मॉस्कोचं म्हणाल तर तिथे ८२ मध्ये काही लोकांनी सरकारला न विचारता शांतता गट काढला होता, त्यातल्या बातोव्रिनला वेड्यांच्या हॉस्पिटलात टाकलं. त्या गटाच्या बाजूने थॉमसनची मंडळी उभी राहिली म्हणून सरकारी सोव्हिएत शांतता समितीचा प्रमुख झुकोव्ह त्यांच्यावर भडकला. छान बी टीम!

कोकणकन्या :
मी डावीकडचीच, तरी थॉमसन पूर्ण पटत नाही. त्याचा १९८० चा 'एक्सटर्मिनिझम'वाला लेख बघा, म्हणजे दोन्ही बाजूंची शस्त्रयंत्रणा एकमेकींना पोसत आपोआप सर्वनाशाकडे चाललीय. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य, पण मग निर्णय घेणारे कोण, नफा कुणाचा, ते धूसर होतं. डावा समीक्षक रेमंड विल्यम्सने, म्हणजे त्याच्याच गोटातल्या माणसाने, हीच हरकत घेतली होती. आयुष्यभर साध्या माणसांच्या हातात इतिहास असतो म्हणणाऱ्याने असं लिहावं याचं मला नवल वाटतं.

तोफखाना :
ताई, +१. आणि चेक नाटककार, सरकारविरोधक हावेलचं विसरू नका. ८५ मध्ये त्याने पाश्चात्त्य शांततावाल्यांना स्पष्ट सांगितलं की आमच्याकडे लोकांना आधी स्वातंत्र्य हवंय, त्याशिवायची शांतता आम्ही रोज भोगतोय.

उंटावरचा_शहाणा :
अहो पण शांतता आणि नागरी हक्क एकत्रच मागायचे हीच तर थॉमसनची लाइन होती, उगाच का चेकोस्लोव्हाकियातल्या नागरी हक्कवाल्या चार्टर ७७ वाल्यांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. @कोकणकन्या, तुमची हरकत मात्र जड आहे. माझा अंदाज, लोकांना हलवायला त्याने मुद्दाम भडक लिहिलं. उपाय विचारला की त्याचं उत्तर परत लोकांवरच येतं.

निवांत_काका :
धाग्याचं काश्मीर (म्हणजे न संपणारं भांडण) होण्याआधी एक अवांतर. थॉमसनचे वडील एडवर्ड थॉमसन बंगालात बांकुड्याला मिशनरी होते, टागोरांवर लिहिलंय, नेहरूंशी दोस्ती. मुलाने शेवटी टागोर आणि वडिलांवरच पुस्तक केलं. चालू द्या.

तोफखाना :
काका, लिंक नेहरूंपर्यंत गेली, आता आमचं मत बदलायचा प्रश्नच नाही 😄 एवढंच सांगा, युक्रेनने १९९४ मध्ये अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, त्यांना आज थॉमसन वाचायला कोण देणार?

कोकणकन्या :
आणि २०१९ मध्ये आयएनएफ मोडला, आता दोन्हीकडे नवीन क्षेपणास्त्रं येतायत. त्याला कुठलं पुस्तक देऊ?