२५ हजारांत गेमिंग फोन: चिपला पैसे मोजायचे की रोजच्या वापराला?

चिऱ्याचीभिंत (धागा सुरू करताना)

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही जा, दुकानाच्या काचेवर ‘गेमिंग फोन’ची चिठ्ठी दिसणारच. माझं मत आधी सांगतो, मग भांडा. २५ हजारांच्या आत ‘गेमिंग’ हे नाव बघून फोन घेऊ नये. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा गोळीबाराचा गेम) सेकंदाला ६० फ्रेमवर तासभर न ढेपाळता चालवणारा आणि उरलेला दिवस फोन म्हणून धड वागणारा सेट घ्यावा. ९० आणि १२० चा मोह सोडावा.

कारण इथली हवा. फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून आणि काचेतून बाहेर जाते, आणि किती वेगाने जाईल ते पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाठ साधारण ४३ अंशांकडे सरकली की सिस्टीम चिपचा वेग खाली आणते, हात भाजू नये म्हणून. एसी दुकानात हवा २३ अंश धरली तर फरक २० चा. मे महिन्यात दुपारी घरात हवा ३३, फरक १०. फोन तोच, गेम तोच, उष्णता टाकायची ताकद जवळपास अर्धी. एसी खोलीत केलेल्या रिव्ह्यूत टिकलेले ९० फ्रेम इथे किती टिकतील ते आपणच ताडावं.

आणि डळमळणारे ९० हे स्थिर ६० पेक्षा वाईट. ९० ला नवं चित्र दर ११.१ मिलिसेकंदांनी येतं, ६० ला १६.७. अंगठ्याला तालाची सवय लागते. मध्येच ताल मोडला की स्प्रे (सलग गोळीबार) आभाळात.

रिकॉइल_शून्य

गणित बरोबर, निष्कर्ष नेमका उलटा!

६० फ्रेम थंड डोक्याने चालवायचे असतील तर ताकदीचीच चिप हवी. डायमेन्सिटी ७३०० या चिपचं उदाहरण घ्या. ४ नॅनोमीटर, ए७८ चे चार मोठे कोअर, रोजच्या कामाला झकास. पण ग्राफिक्सला माली जी६१५ चे फक्त दोन कोअर. डायमेन्सिटी ८२०० मध्ये माली जी६१० चे सहा. तेच ६० फ्रेम काढायला पहिलीला जवळजवळ दम लागेपर्यंत पळावं लागतं, दुसरी रमतगमत चालते. चिप कमी वेगाने चालली की व्होल्टेज उतरतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर त्याच वेगाला वीज १९ टक्के कमी. म्हणून मोठी चिप ६० वर बांधून ठेवणं हाच गोव्याच्या उन्हाळ्यावरचा उपाय.

दुसरी गोष्ट बायपास चार्जिंग. साध्या फोनमध्ये चार्जर लावून खेळलं की चिपला वीज देतानाच बॅटरीही भरत राहते. भरताना बॅटरी तापते, चिपची उष्णता वेगळीच. बायपासमध्ये चार्जरची वीज थेट बोर्डाला जाते, बॅटरी गप्प बसते. इन्फिनिक्स जीटी २० प्रो मे २०२४ मध्ये आला तेव्हा ८ + २५६ ची किंमत २४,९९९ होती, त्यात ८२०० अल्टिमेट चिप आणि बायपास दोन्ही. आज तोच घ्या म्हणत नाही, नवे आलेत. पण ‘गेमिंग’ चिठ्ठी दरवेळी खोटी नसते, एवढं तरी माना.

चिऱ्याचीभिंत

चिपचं मान्य. पण ते पैसे कंपनी कुठून वाचवते तेही बोला की. अशा सेटमध्ये कात्री आधी कॅमेऱ्याला लागते, मग अपडेटच्या वर्षांना. १०८ मेगापिक्सेलच्या बाजूला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो हा कॅमेरा नव्हे, भोक बुजवणं. शिवाय बायपास सुरू होण्याच्या अटी असतात: काही सेटमध्ये बॅटरी ठराविक टक्क्यांच्या वर हवी, काहींत फक्त कंपनीचाच चार्जर चालतो, काहींत गेम मोडच्या पॅनेलमधून हाताने चालू करावं लागतं. न वाचता वायर लावली की नेहमीसारखंच चार्जिंग होतं आणि माणूस म्हणतो, बायपास आहे तरी तापतो कसा.

बल्कांवातलं_वायफाय

तुम्ही दोघे चिपवर भांडताय. इथे निम्म्या मॅचेस पिंगमुळे (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांमुळे) जातात.

चिऱ्याचं जुनं घर, हातभर जाडीच्या भिंती, राउटर आतल्या खोलीत टीव्हीपाशी आणि खेळणारा बल्कांवात (दारापुढच्या ओसरीत). ५ गिगाहर्ट्झचं वायफाय असल्या दोन भिंती ओलांडताना मरतं. मग फोन २.४ वर उतरतो, तिथे शेजारच्या चार राउटरांची गर्दी. पिंग ४० वरून १५० ला उडतं आणि सगळे दोष फोनला देतात. फोन बदलण्याआधी २० मीटर लॅन केबल ओढून बल्कांवाच्या दाराशी दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. हजार-दीड हजारात काम होतं. पावसात लाइट जाते त्यासाठी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांनी बॅंड (फोन पकडतो ते सिग्नलचे पट्टे) बघावेत. ३५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन७८, वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो. ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन२८, आत शिरतो. २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा फक्त जिओने घेतला. तेव्हा जिओ सिम असेल तर खोक्यावर ‘५जी’ लिहिलंय यावर थांबू नका, बॅंडच्या यादीत एन२८ आणि एन७८ दोन्ही शोधा. सत्तरी-सांगे-काणकोणच्या आतल्या भागात याने जेवढा फरक पडेल तेवढा चिपने पडणार नाही.

स्टोरेजचंही बघा. यूएफएस २.२ प्रकारच्या स्टोरेजला कागदावर सेकंदाला सुमारे १००० एमबीचं वाचन, ३.१ ला त्याच्या दुप्पट, ईएमएमसी ५.१ ला जेमतेम ४००. गेम चालू झाल्यावर फ्रेमला याने फरक पडत नाही, पण मॅप लोड व्हायला आणि दोन वर्षांनी फोन गच्च भरल्यावर नक्की पडतो. आणि ‘८ + ८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं त्यातले दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, गेमला त्याचा उपयोग नाही.

रिकॉइल_शून्य

एन२८ चा मुद्दा घेतला. पण पिंग सुधारलं तरी तापलेला फोन फ्रेम टाकणारच ना? दोन वेगळे आजार आहेत, एका गोळीने जाणार नाहीत. गेममध्ये पिंगचा आकडा हिरवा आणि तरीही चित्र अडखळतं, तर फोन. चित्र लोण्यासारखं पण मारलेला माणूस अर्ध्या सेकंदाने पडतो, तर नेटवर्क. एवढं ओळखलं तरी पुष्कळांचे १० हजार वाचतील.

मीठवारा

कोणीतरी म्हणेलच म्हणून आधी लिहितो: दमट हवेने फोन जास्त तापत नाही. आपल्याला उकडतं कारण घाम वाळत नाही. फोनला घाम येत नाही, त्याच्यासाठी ३२ अंश म्हणजे ३२ अंश. दमटपणाचा त्रास दुसरीकडे होतो, तीन ठिकाणी.

पहिला बोटांना. ओल्या अंगठ्याने टच भरकटतो, खास करून क्लॉमध्ये (अंगठ्यांसोबत तर्जन्याही पडद्यावर ठेवायच्या पकडीत). ५०-६० रुपयांचे बोटमोजे मिळतात, ते पुरतात. जाहिरातीतल्या हजारो हर्ट्झच्या ‘इन्स्टंट टच सॅम्पलिंग’पेक्षा कामाचे.

दुसरा कूलरला. फोनच्या पाठीवर चिकटवायचे पेल्टियर कूलर (विजेवर थंड होणारी पट्टी) आता सर्रास मिळतात. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. कूलरची थंड पट्टी त्याहून कितीतरी खाली जाते. म्हणजे तिच्यावर पाणी धरणार, बर्फाच्या ग्लासाला बाहेरून धरतं तसंच. ते थेंब पाठीवरून ओघळून पोर्टात आणि स्पीकरच्या जाळीत. आयपी५४ म्हणजे शिंतोड्यांपुरती राखण, बुडवण्याची नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर पेल्टियर लावू नये, साधा टेबलफॅन फोनवर धरावा. फुकट आहे आणि पाणी धरत नाही.

तिसरा पोर्टाला, आणि किनाऱ्याजवळ हाच सर्वांत वाईट. खारी ओल आत राहिली आणि वर चार्जर लावला की पिनांवर हिरवट थर धरतो. आधी ‘पोर्टात ओल आहे’ असा इशारा वारंवार, मग चार्जिंग मंद, मग बंद. इशारा आला की वायर काढा, पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटा, पंख्यासमोर तासभर ठेवा. तांदळात पुरू नका, कोंडा आत जातो. ड्रायरची गरम हवा नको. आणि लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही. आतली पांढरी पट्टी लाल झाली की सर्व्हिस सेंटरवाला मान हलवतो, मग कितीही भांडा.

जुनंतेसोनं

२५ हजारांत नवा मधला फोन घेण्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा वापरलेला फ्लॅगशिप (कंपनीचा सर्वांत वरचा फोन) का नको? धातूची चौकट, धड कॅमेरा, मोठी चिप. फक्त चिप बघून घ्या: स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ टाळा, दोन्ही सॅमसंगच्या कारखान्यात बनलेल्या आणि तापट. ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसीकडची, नाव जवळपास तेच पण स्वभाव वेगळा. ती मिळाली तर डोळे झाकून.

मीठवारा

डोळे झाकून काहीच नको, पात्रांव. घेण्याआधी एवढं करा:

पडद्यावर पूर्ण पांढरं आणि पूर्ण करडं चित्र लावून हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आहे का बघा. ओएलईडी पडदा बदलायचा खर्च ऐकलात तर सौदा तिथेच मोडाल. *#०६# लावून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, ‘केवायएम’ लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला पाठवा, चोरीची नोंद झालेली असेल तर कळतं. पाठ किंचितही फुगलेली असेल तर बॅटरी गेली. शेवटचं सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्याचं आहे ते ‘अबाउट फोन’मध्ये बघा. ज्या फोनवर यूपीआय चालवणार त्याला दोन वर्षांत अपडेट नसेल तर गेमिंगला ठेवा, बॅंक दुसऱ्यावर.

चिऱ्याचीभिंत

हेच म्हणतोय. जुन्या फ्लॅगशिपला नवी बॅटरी, आणि तीही अस्सल मिळेल याची खात्री नाही. २५ हजारांचा हिशेब ३० वर जातो.

चवथीची_खरेदी

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. मुलासाठी घ्यायचाय, तो बीजीएमआय खेळतो, बाकी कॉलेजचे पीडीएफ, यूपीआय, फोटो. बजेट २२. दुकानात उभ्याउभ्या काय तपासू?

रिकॉइल_शून्य

दुकानदाराकडे डेमो सेट मागा, सीलबंद खोका नको.

एक, जायरोस्कोप, म्हणजे फोन फिरवलेला ओळखणारा सेन्सर, त्यावर नेम धरतात. बीजीएमआयवाल्याला हा नसला तर फोन फुकट गेला. स्वस्त सेटमध्ये ‘व्हर्च्युअल जायरो’ असतो, म्हणजे दुसऱ्या सेन्सरवरून अंदाज काढलेला. सेन्सर दाखवणारं कुठलंही ॲप उघडा, जायरोस्कोपच्या ओळीत नाव बघा, मग फोन टेबलावर ठेवा. आकडे शून्यापाशी थांबले पाहिजेत. हळू फिरवल्यावर लगेच हलले पाहिजेत, झटक्याने उड्या मारत नव्हे.

दोन, गेममधलं ग्राफिक्सचं पान. ‘स्मूद’वर ‘एक्स्ट्रीम’ दिसतं का? ते ६०. ‘अल्ट्रा’पर्यंतच थांबत असेल तर ४०, मग १४४ हर्ट्झचा पडदा नुसता शोभेला. गेम त्या मॉडेलला जेवढं उघडून देतो तेवढंच मिळतं.

तीन, थ्रीडीमार्क या चाचणीच्या ॲपमधली वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट. वीस फेऱ्या, वीस मिनिटं. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट फेरीचा आकडा बघा, शेवटी टक्केवारी येते. एसीत ९० च्या वर असेल तर घरी बरं चालेल, एसीतच ७० असेल तर सोडा.

बल्कांवातलं_वायफाय

त्यात माझे दोन घाला. दुकानाबाहेर उन्हात नेऊन ब्राइटनेस पूर्ण करा, यूपीआयचा क्यूआर वाचता येतो का बघा. जाहिरातीतला ‘पीक’ आकडा पडद्याच्या छोट्या तुकड्यापुरता असतो, उन्हात उपयोगी पडतो तो एचबीएमचा (उन्हात सगळा पडदा उजळतो तेव्हाचा). आणि ३.५ मिमीचा जॅक. साध्या ब्लूटूथवर आवाज १५०-२०० मिलिसेकंद मागे येतो, पावलांचा आवाज ऐकून वळेपर्यंत खेळ संपलेला असतो. जॅक नसेल तर टाइप-सीचे इअरफोन, पण मग चार्जिंगची वायर कुठे लावणार? तेव्हा तुमचं ते बायपास घरीच राहतं.

रिकॉइल_शून्य

५०० रुपयांत टाइप-सीचा दुतोंडी ॲडॉप्टर येतो, एका तोंडाला चार्जर, दुसऱ्याला इअरफोन.

मीठवारा

येतो. त्यातले निम्मे फास्ट चार्जिंग ओळखत नाहीत, १० वॉटवर बसतात. खेळताना फोन त्याहून कमी खात असेल तरच बॅटरी टिकते.

चिऱ्याचीभिंत

@चवथीची_खरेदी, २२ मध्ये मोठी ग्राफिक्सची चिप, खरा जायरो आणि एन२८ तिन्ही मिळाले तर रिकॉइल म्हणतो तसा घ्या, मी हरकत घेणार नाही. तीनपैकी चिप सोडावी लागली तर सोडा, ‘एक्स्ट्रीम’ उघडत असेल तेवढं पाहा. जायरो सोडू नका. आणि दुकानदार फुकट देतो ते जाड रबरी कव्हर घ्या, पण खेळताना काढायला सांगा मुलाला. पाठीवर रबर चढवून वर पंखा धरण्यात काय अर्थ?

चवथीची_खरेदी

कव्हर काढून फोन पडला तर?

रिकॉइल_शून्य

गादीवर बसून खेळायला सांगा. पण फोन गादीवर ठेवून नको, कापूस रबरापेक्षाही वाईट.